पिलकोमचा रीतसर उद्धटपणा

माणसं एका जागेवरून पुरेशी वर्षं चालली की तिथे पायवाट होते, आणि पायवाट झाली की तिच्यावरून चालायला मनाई करणारा माणूस आपोआप जन्माला येतो. निसर्गात अशा जोड्या पुष्कळ आहेत. गादी आणि ढेकूण ही एक. इंग्लंड हा जुन्या वळणाचा देश असल्यामुळे तिथे पायवाटाही फार आणि मनाई करणारेही फार, पण दोघांचं एकमेकांशी वागणं अत्यंत सभ्यपणाचं असतं. या सभ्यपणामुळे नेदर पिलकोम या गावावर जी आपत्ती कोसळली, तिची ही हकीकत.

नेदर म्हणजे खालचं. खालचं पिलकोम आहे म्हटल्यावर वरचंही असणार, असं कुणाही सरळ माणसाला वाटतं. वरचं पिलकोम आता हिरवळ आहे. ते तसं का आहे हे गावाच्या इतिहासात सविस्तर दिलेलं आहे, आणि तो इतिहास मिसेस डोरीन टॅपस्कॉट यांनी लिहिलेला आहे. डोरीनबाई जन्मभर गावच्या पोस्टाच्या खिडकीमागे बसल्या. पोस्ट बंद झालं तेव्हा ती खिडकी त्यांना भेट मिळाली. (भिंत सरकारने ठेवून घेतली.) गावाचा इतिहास लिहायला पोस्टातल्या माणसाइतकं लायक दुसरं कुणी नसतं, फक्त त्याने माहीत असलेलं सगळं लिहायचं नसतं. डोरीनबाईंनी हे पथ्य पाळलं. त्यांची 'एक समाधानी गाव' ही पुस्तिका चर्चमध्ये दानपेटीशेजारी मिळते. उत्पन्न चर्चच्या छपरासाठी जातं. छप्पर अजून गळतं.

इतिहासाची सुरुवात ओडो द ब्रेली या नॉर्मन सरदारापासून होते. त्याआधीही गाव होतं, पण ते कुणाचं नव्हतं, म्हणून धरत नाहीत. ओडो घोड्यावर बसून टेकडीवर आला आणि नजर पोचेल तिथवरची जमीन त्याने आपली म्हणून जाहीर केली. त्याची नजर चांगली होती. (पुढे ब्रेली घराण्यात चष्मा आला, पण तोवर हद्दी आखून झाल्या होत्या.) टेकडीवर त्याने हवेली बांधली. गावकऱ्यांना त्यांचीच डुकरं चारायला त्यांचंच रान दिलं आणि दर तिसरं डुक्कर हवेलीत पोचतं करायची सवलत दिली. शिवाय एक चर्च बांधून दिलं आणि त्यातले मागचे बाक गावाला खुले केले. गावाने आभार मानले.

पुढे बऱ्याच पिढ्यांनी गावच्या कुरणाला कुंपण पडलं. हे कुंपण शेतीच्या प्रगतीसाठी होतं आणि ती प्रगती ब्रेली घराण्याची होती. मोबदला म्हणून हवेलीतून घरटी एक गलेलठ्ठ बदक आलं. बदकाला हिंडायला जागा नव्हती, म्हणून नाताळात ते खाल्लं गेलं. अशा रीतीने त्या वर्षी गावातल्या प्रत्येकाने पोटभर प्रगती खाल्ली. गावाने आभार मानले.

त्यानंतरचे सर होरेस ब्रेली सौंदर्याचे भोक्ते होते. सकाळी उकडलेलं अंडं फोडताना त्यांना खिडकीतून गाव दिसायचं. धुराडी दिसायची, दोरीवरचे कपडे दिसायचे, आणि कपडे कमी असलेल्यांच्या बाबतीत, ते वाळेपर्यंत, मालकही दिसायचे. अंड्याची चव जायची. सर होरेस यांनी लंडनहून देखाव्यांचा एक तज्ज्ञ बोलावला. त्याने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की देखाव्यात गाव जास्त होतंय. गाव उचलून खाली घळीत ठेवण्यात आलं. चर्च मात्र, त्याचा मनोरा अंड्याच्या अगदी मागे शोभून दिसतो म्हणून, जिथल्या तिथे राहिलं. तेव्हापासून पिलकोममध्ये देव वर आहे, भाविक खाली घळीत आहेत आणि मधे हवेलीची हिरवळ आहे. घळीत ओल फार, पण वारा लागत नाही. गावाने आभार मानले.

(याच घराण्यातला एक धाकटा मुलगा हिंदुस्थानात गेला होता. तिथून तो एक देवळातली घंटा, दोन तलवारी आणि यकृताचा आजार घेऊन परतला. यांतली फक्त शेवटची वस्तू त्याला रीतसर मिळालेली होती.)

असा हा नऊशे-साडेनऊशे वर्षांचा समाधानी इतिहास कर्नल ऑब्री ब्रेली यांच्यापाशी येऊन संपतो. कर्नल घराण्यातले शेवटचे. सकाळी ते हवेलीच्या ओट्यावर आरामखुर्ची टाकून वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वाचत, आणि आपलं नाव त्यांत नाही याची खात्री झाली की नाश्ता मागवत. त्यांच्यासमोरून, हिरवळ तिरपी कापत, घळीतून चर्चकडे जाणारी पायवाट होती, आणि त्या वाटेवरून रोज सकाळी डोरीनबाई जात. मागे दोन चाकांची कापडी पिशवी. तिचं डावं चाक कुरकुरायचं.

"गुड मॉर्निंग, कर्नल."

"चालू द्या, मिसेस टॅपस्कॉट, चालू द्या." कर्नल काठी वर करून म्हणत.

"थँक यू, कर्नल."

मग डोरीनबाई चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी जात. तिथे वॉल्टर टॅपस्कॉट होते. वॉल्टर चर्चची घंटा वाजवायचे, त्यामुळे संसारात त्यांना ऐकू कमी यायचं. डोरीनबाई थडग्याशेजारी घडीचं स्टूल टाकत, थर्मॉसमधला चहा दोन कपांत ओतत, दोन्ही कप स्वतः पीत आणि गावात काय काय चाललंय ते सगळं वॉल्टरना सांगत. हयातीत त्यांनी अर्धंही ऐकून घेतलं नसतं. आता मधे एकदाही तोडत नसत. डोरीनबाईंच्या मते त्यांच्या संसाराचा हा काळ सगळ्यात सुखाचा होता.

एके सकाळी मृत्यूच्या बातम्यांत कर्नलचं नाव आलं. छप्पर, वाळवी आणि वारसा-कर यांचा हिशेब पाहून कर्नलच्या पुतण्याने हवेली गॅव्हिन स्ट्राइप नावाच्या लंडनच्या गृहस्थांना विकली. मि. स्ट्राइप शांतता विकत. लंडनची दमलेली माणसं त्यांच्याकडे येत. मि. स्ट्राइप त्यांचे फोन काढून घेत, त्यांना अनवाणी करत, उकडलेल्या डाळी खायला घालत आणि हिरवळीवर गप्प बसवून ठेवत. (हीच सोय गावकऱ्यांना पूर्वी ब्रेली घराण्याने अनेक शतकं मोफत पुरवली होती.) अशा शांततेत सकाळी एक चाक कुरकुरत जायचं, आणि पाहुणे पैसे परत मागायचे.

पुढच्याच आठवड्यात वाटेच्या तोंडाशी फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं आणि कुलपावर गोंडस अक्षरांतली पाटी आली : 'ही वाट सध्या विश्रांती घेत आहे. समजून घेतल्याबद्दल आभार.'

डोरीनबाईंनी पाटी वाचली आणि सवयीने मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर आपल्याला पलीकडे जायचंय हे त्यांच्या लक्षात आलं.

चर्चला जायला दुसरा रस्ता आहे. तो घळीला वळसा घालून मोठ्या हमरस्त्याने जातो. त्याला पदपथ नाही, आणि त्याच्यावरून दूध, खडी व कोंबड्या वाहणारे ट्रक असे धावतात की कोंबड्यासुद्धा डोळे मिटून घेतात. डोरीनबाई एकदा त्या रस्त्याने गेल्या. एका ट्रकसाठी त्या खंदकात उतरल्या, दुसऱ्याने खंदकातलं पाणी त्यांच्यावर उडवलं, आणि त्या वॉल्टरपाशी पोचल्या तेव्हा चहा गार झाला होता व गुडघा गरम. डॉक्टरांनी गुडघा पाहून सांगितलं की पुन्हा त्या रस्त्याने गेलात तर चर्चला जाल हे नक्की, पण परत याल असं सांगता येत नाही.

"अगं, मग काही दिवस घरूनच बोल ना वॉल्टरशी," शेजारच्या मेव्हिस म्हणाल्या. मेव्हिस हॉपगुड या डोरीनबाईंच्या बालमैत्रीण, आणि मुरंब्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध.

"घरून नाही ऐकायचा तो. घरात असताना कधी ऐकलंय त्याने?"

मेव्हिसनी मान डोलावली. कारण ते खरंच होतं.

गावाने सभा बोलावली. सभेला परगण्याच्या कचेरीतल्या वाट-विभागाच्या मिस लॅम्बर्न हजर राहिल्या. त्यांनी कायदा समजावून सांगितला, आणि तो इतका सोपा निघाला की गाव हादरलं. एखाद्या वाटेवरून लोक सलग वीस वर्षं चालले तर ती वाट कायमची लोकांची होते. अटी तीनच. कुंपण मोडून चाललेलं चालत नाही. लपूनछपून चाललेलं चालत नाही. आणि मालकाच्या परवानगीने चाललेलं चालत नाही.

"म्हणजे," मिस लॅम्बर्न म्हणाल्या, "तुम्ही वीस वर्षं उघडउघड, कुणाला न विचारता, हक्काने चालला असाल तर वाट तुमची. आता मला सांगा, तुमच्यापैकी कुणी कधी कर्नलना, जाऊ का, असं विचारलं होतं का?"

सगळ्यांचे हात वर गेले.

"बरं. आभार वगैरे मानले होते?"

हात वरच राहिले. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी दुसराही हात वर केला. ते येताना आणि जाताना असे दोनदा मानत.

मिस लॅम्बर्न यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची केस गेली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. गावाने त्यांचे आभार मानले.

"मी नाही मानले!" दारातून आवाज आला. तो 'सोशिक बगळा' या गावच्या पबचे मालक रेज क्रॅबट्री यांचा होता. क्रॅबट्री उत्तरेकडच्या, फटकळांच्या यॉर्कशरचे. नेदर पिलकोममध्ये उद्धट म्हणता येईल असा हा एकच माणूस, आणि लांबून आलेल्यांना गाव तो मुद्दाम दाखवत असे. पण त्यांना गावात येऊन वीस वर्षं झाली नव्हती, आणि चर्चकडे तर ते एकदाही फिरकले नव्हते. साक्षीदार म्हणून ते निरुपयोगी होते. मात्र कायद्याला साक्षीदार उद्धट लागतात, ते जन्मतः उद्धट असावेत असं कुठेही म्हटलेलं नाही, हा मुद्दा पाद्रीसाहेबांनी मांडला आणि तो मान्य झाला. वाट कुणाची हे ठरवणाऱ्या सार्वजनिक चौकशीला अजून अवधी होता. दर गुरुवारी, पुष्परचनेचा वर्ग सुटला की त्याच हॉलमध्ये क्रॅबट्री यांनी गावाला उद्धटपणा शिकवावा असं ठरलं.

वर्गाची प्रगती समाधानकारक होती असं म्हणता येणार नाही. पहिल्या दिवशी ताटलीत एक बिस्किट शिल्लक ठेवून, कुणालाही न विचारता ते उचलायचं, एवढाच सोपा पाठ होता. बिस्किट संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. दुसऱ्या गुरुवारी ते अर्धं झालेलं आढळलं. उरलेलं अर्धं कागदी रुमालात गुंडाळून 'ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठी' म्हणून ठेवलेलं होतं. तिसऱ्या गुरुवारी दोन विद्यार्थी एकाच दारातून आत यायला लागले आणि 'आधी तुम्ही' या मुद्द्यावर दोघंही बाहेरच राहिले. वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने क्रॅबट्रींना, इतकं छान ओरडल्याबद्दल, फुलं दिली.

डोरीनबाई मात्र मन लावून शिकत होत्या. त्यांना जायचं होतं.

"हे बघा, डोरीन," क्रॅबट्री म्हणाले, "मी हवेलीचा मालक. ही खुर्ची म्हणजे ओटा. तुम्ही माझ्या हिरवळीवरून चाललाय. चला."

डोरीनबाई चालल्या. "आज ऊन काय छान पडलंय नाही?"

"ऊन काढायचं नाही, बाई! गप्प चालायचं! नाक वर!"

"नाक वर केलं तर पायाखालचं दिसत नाही, मि. क्रॅबट्री."

"मग नाक खाली ठेवा, पण माझ्याकडे बघू नका. मी कोण आहे तुमच्या दृष्टीने? कचरा!"

"अरे देवा. कुणी म्हटलं असं तुम्हाला?"

क्रॅबट्री हॉलच्या चहाच्या काउंटरमागे जाऊन बराच वेळ कप पुसत राहिले.

चौकशी याच हॉलमध्ये झाली. तिच्यासाठी सरकारने मि. क्विल्टर नावाचे निरीक्षक पाठवले. ते जिथे जात तिथे त्यांना दोन्ही पक्ष पातळ चहा पाजत, आणि त्यामुळे त्यांची निःपक्षपातीपणाबद्दल ख्याती झाली होती. मि. स्ट्राइप यांच्या वतीने लंडनहून बॅरिस्टर मिस फेनविक आल्या होत्या. त्या अतिशय गोड बोलत. गावाच्या दृष्टीने हेच भयंकर होतं. खुद्द मि. स्ट्राइप पहिल्या रांगेत अनवाणी बसले होते आणि श्वास घेत होते.

पहिल्या साक्षीला मेव्हिस. वर्गात शिकवल्याप्रमाणे त्यांनी बसताना खुर्चीचा आवाज केला.

"मिसेस हॉपगुड, तुम्ही कर्नल ब्रेलींची कधीच परवानगी घेतली नाहीत?"

"कधीच नाही," मेव्हिस म्हणाल्या. आणि मग, बॅरिस्टरबाईंना वाईट वाटलं की काय अशा शंकेने, "माफ करा हं."

"छे छे. आणि दर जानेवारीत तुम्ही हवेलीत संत्र्याचा मुरंबा पाठवायच्यात, तो कशाबद्दल?"

"तो होय? कर्नल इतके सज्जन, आम्हाला त्या वाटेने जाऊ दे..." मेव्हिस थांबल्या. हॉलमधून एक दीर्घ सुस्कारा गेला. मिस फेनविक यांनी मनापासून त्यांचे आभार मानले. मेव्हिस म्हणाल्या, "त्यात काय एवढं."

पुढचा साक्षीदार जास्त तयारीचा होता. त्याने बॅरिस्टरबाईंकडे रोखून पाहिलं आणि "तुमचा कोट..." असं जरबेने म्हटलं. नंतर त्याला सुचेना. "...चांगला आहे," असं म्हणून तो खाली बसला.

यानंतर कर्नलच्या काठीवर चर्चा झाली. कर्नल काठी वर करत, याबद्दल वाद नव्हता. काठी वर करणं म्हणजे 'जा' असं म्हणणं, असं मिस फेनविक यांचं म्हणणं. गावाच्या वतीने मिस लॅम्बर्न यांनी शंका काढली की कर्नल गांधीलमाशी हाकलत असतील. त्यावर, हिवाळ्यातही काठी वर होत असे का, अशी पृच्छा झाली. होत असे. सॉमरसेट परगण्यात गांधीलमाश्या हिवाळ्यात कुठे असतात याविषयी गावातल्या एका ज्येष्ठ मधपाळाचं मत घेण्यात आलं. ते जेवणाच्या सुटीपर्यंत चाललं, आणि त्यातून गांधीलमाश्यांबद्दल आदर वाढला, बाकी काही निष्पन्न झालं नाही.

शेवटी डोरीनबाई उठल्या. पिशवी त्यांनी बरोबर आणली होती. चाक कुरकुरलं, तेव्हा मि. स्ट्राइप यांचा श्वास एकदा चुकला.

"मिसेस टॅपस्कॉट," मिस फेनविक म्हणाल्या, "तुम्ही रोज जायच्यात. रोज कर्नलशी बोलायच्यात. काय बोलायच्यात?"

आता डोरीनबाईंनी काय सांगायचं ते चोख पाठ झालेलं होतं : काही नाही, मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे. क्रॅबट्री मागच्या रांगेतून ओठ हलवून सांगतही होते. पण डोरीनबाई सगळा जन्म पोस्टात बसलेल्या. दुसऱ्याचं म्हणून जे हातात येईल ते जसंच्या तसं पोचवायचं, हे अंगात मुरलेलं. आणि कर्नलचं शेवटचं 'चालू द्या' अजून कुठेतरी पोचवायचं राहिलंय असं त्यांना वाटलं.

"मी गुड मॉर्निंग म्हणायची," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, चालू द्या. मी म्हणायची, थँक यू."

"रोज?"

"रोज. पाऊस असला तर जरा घाईने."

मिस फेनविक हसल्या आणि खाली बसल्या. क्रॅबट्री यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मेव्हिस रडू लागल्या, आणि शेजारच्याला त्रास झाल्याबद्दल त्याची माफी मागू लागल्या. डोरीनबाईंना समोर काही दिसत नव्हतं. त्यांना वॉल्टर दिसत होते, भिंतीपाशी, कुणी काही सांगायला येईल म्हणून थांबलेले.

मि. क्विल्टर यांनी चष्मा काढला. "मला एकच विचारायचं आहे, मिसेस टॅपस्कॉट. समजा, एखाद्या सकाळी कर्नल म्हणाले असते, आज नाही, आज जाऊ नका. तर तुम्ही काय केलं असतं?"

डोरीनबाईंनी विचार केला. असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

"मी म्हटलं असतं, सॉरी, कर्नल."

"आणि?"

"आणि गेले असते."

"परत?"

"परत कशाला? वॉल्टरकडे. चहा गार झाला असता ना."



मिस फेनविक घाईने उठल्या. "म्हणजे मालकाने स्पष्ट नाही म्हटल्यावर, तुम्ही त्याची माफी मागून त्याच्याच डोळ्यांसमोर त्याच्या जमिनीवरून गेला असता?"

"हो." डोरीनबाई गोंधळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. "दुसरं कसं जातात?"

मि. क्विल्टर यांनी उत्तर लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा कान किंचित लाल झाला. सकाळी हॉलसमोर गाडी लावायला एकच जागा उरली होती. तिच्यासाठी एक बाई इंडिकेटर लावून थांबलेल्या असताना मि. क्विल्टर यांनी काचेतून हात वर केला होता, तोंडाने 'सॉरी' असा आकार केला होता, आणि गाडी आत घातली होती.

निकाल वसंतात आला. तो इंग्रज न्यायबुद्धीचा नमुना म्हणून जपून ठेवण्यासारखा आहे. त्याचा सारांश असा : या देशात 'सॉरी' हा शब्द झालेल्या कृत्याबद्दल खेद म्हणून क्वचितच वापरला जातो. तो प्रामुख्याने, होणार असलेलं कृत्य आता कोणत्याही परिस्थितीत होणारच आहे, याची पूर्वसूचना म्हणून वापरला जातो. अशी सूचना देणारी व्यक्ती परवानगी मागत नसून ती अनावश्यक असल्याचं कळवत असते. 'थँक यू' ही त्याच वृत्तीची पोचपावती होय. नेदर पिलकोमचे रहिवासी वरकरणी विनम्र दिसत असले तरी, पुराव्यावरून, ते वीस वर्षांहून अधिक काळ अखंड, उघड आणि कमालीचे उद्धट वागत आलेले आहेत. सबब वाट खुली करण्यात येत आहे.

निकाल वाचून गावाला मोठा धक्का बसला. काहींनी आपल्याला इतकं कठोर बोलल्याबद्दल सरकारकडे तक्रार करावी असं सुचवलं. क्रॅबट्री यांनी सगळ्यांना फुकट बियर पाजली. हे त्यांनी आयुष्यात प्रथमच केलं, आणि त्यावरून चांगली संगत माणसाला कशी वाया घालवते तेही दिसून आलं. हवेलीच्या पाहुण्यांसाठी मि. स्ट्राइप यांनी नवं माहितीपत्रक छापलं. त्यात 'पहाटेचा ग्रामीण चक्रनाद' या नव्या अनुभवाला वेगळा दर आहे.

फाटक निघालं त्या सकाळी डोरीनबाई हिरवळीवरून तिरप्या गेल्या. ओट्यावर आता आरामखुर्ची नव्हती. मि. स्ट्राइप दवात अनवाणी उभे होते. त्यांनी पराभव मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलेलं होतं.

"या, मिसेस टॅपस्कॉट! अगदी खुशाल जा हं."

डोरीनबाईंच्या ओठांवर थँक यू आलं. त्यांनी ते गिळलं. घशातून खाली जाताना ते लागलं, पण गेलं. "सॉरी," त्या म्हणाल्या, आणि चाक मि. स्ट्राइप यांच्या अंगठ्यावरून घेऊन पुढे गेल्या.

भिंतीपाशी गवत वाढलं होतं. त्यांनी खुरप्याने ते काढलं, स्टूल टाकलं, दोन कप भरले.

"वॉल्टर," त्या म्हणाल्या, "सांगायला बरंच साठलंय. पण आधी हे सांगते. आपण उद्धट आहोत. सरकारने तसं लिहून दिलंय."

वॉल्टरनी मधे तोडलं नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं परमुलखातलं आणि थोडं ढोंगी वाटेल. माफी मागायची आणि हवं तेच करायचं, असले इंग्रजी चाळे आपल्यात नाहीत. तरीही मि. क्विल्टर यांचा निकाल जाणकारांनी एकदा नीट वाचावा, कारण त्यातलं तत्त्व फक्त पायवाटांना लागू आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. दवाखान्यात बाहेर गर्दी बसलेली असताना दार किलकिलं करून, डोकं आत घालून, "डॉक्टर, फक्त एकच विचारायचंय" असं म्हणत आपण जे आत जातो, ते कुंपण मोडून जात नाही. लपूनछपून जात नाही. परवानगी तर मागतच नाही. कुणी हरकतही घेत नाही. वाचकांपैकी बहुतेकांची वीस वर्षं कधीच भरली असतील. हक्क कायम झालेला आहे. अभिनंदन.

मागच्या खेपेला बाहेर बाकावर एक आजी होत्या. त्या तुमच्या बऱ्याच आधीपासून आलेल्या. निघताना तुम्ही त्यांना "सॉरी हं, आजी" म्हणालात. त्या हसल्या, आणि तुमच्या मागून आलेल्या माणसाला दारापर्यंत नीट जाता यावं म्हणून त्यांनी पाय आत घेतले.